सयाजीराव महाराज आणि गावाचा तिसरा वाटा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शाळा उघडतात आणि घरोघरी पुस्तकांची यादी येऊन पडते. ज्यांच्या हाती चार पैसे खेळत असतात, त्यांना त्या यादीचे काही वाटत नाही. परंतु ज्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, तेथे शाळा बिनफीची असली तरी मूल शाळेत टिकणार की नाही, हे पुष्कळदा पाटी-पुस्तकावरच ठरते. फी माफ झाली म्हणजे शिक्षण मोफत झाले, असा आपला समज असतो. पण पुस्तकावाचून वर्गात बसलेले मूल म्हणजे पंगतीत पानावाचून बसलेला पाहुणाच होय. वाढपी समोरून जातो, सुगंध येतो, आणि पाहुणा मात्र उपाशीच उठतो.

मग या पानाची सोय कोणी करावयाची? आईबापांनी, गावाने की सरकारने? हा प्रश्न आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी राजाने तो आपल्या राज्यापुरता सोडविण्याचा नेटाने प्रयत्न केला. बडोद्याचे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड, तिसरे, यांचे नाव आपल्या सर्वांना परिचित आहे. त्यांच्या वैभवाच्या, विदेशप्रवासाच्या आणि बाणेदारपणाच्या गोष्टी आपण ऐकत आलो आहो. येथे त्यांचे चरित्र या एकाच अंगाने पाहावयाचे योजिले आहे.

कवळाण्याचा गोपाळ

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. वडिलांचे नाव काशीराव व मातोश्रींचे उमाबाई. घराणे गायकवाडांच्याच दूरच्या शाखेचे. पण बडोद्याच्या वैभवाचा लवलेशही तेथे पोहोचला नव्हता. शेतीवर निर्वाह चालावयाचा. मुलाचे नाव गोपाळ. शेत, गुरेढोरे आणि बरोबरीची पोरे एवढेच त्याचे जग होते. विद्याभ्यास म्हणावा असा काहीच झालेला नव्हता.

इकडे बडोद्यास खंडेराव महाराज १८७० मध्ये निवर्तले. त्यांच्यामागून गादीवर आलेले मल्हारराव यांना १८७५ मध्ये इंग्रज सरकारने पदच्युत केले. गादीला वारस पाहिजे होता, म्हणून खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी कवळाण्याच्या काशीरावांची मुले बडोद्यास नेण्यात आली. आपण येथे कशासाठी आलो, असे विचारले असता इतर मुले गोंधळली आणि गोपाळाने मात्र राजा होण्यासाठी आलो असे निर्भीडपणे सांगितले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळाचे सयाजीराव झाले.

राजा झाला, पण राजाला वाचता येत नव्हते! वय बारा वर्षांचे. दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची विस्कटलेली घडी बसविण्यास घेतली आणि इलियट नावाच्या इंग्रज गुरूकडे बालराजाचे शिक्षण सोपविण्यात आले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. ज्या वयात सरदारांची मुले पुस्तके वाचीत, त्या वयात हा मुलगा अक्षरे गिरवीत होता. प्रारंभी त्याला हे सर्व जड गेले. पण खेड्यातल्या मुलाचा चिवटपणा अंगी होता. सहा वर्षांत त्याने एवढी मजल मारली की २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण मुखत्यारी त्याच्या हाती देण्यात आली. पुढे आयुष्यभर वाचनाची जी विलक्षण गोडी त्यांना राहिली, तिचे मूळ या उशिरा लाभलेल्या अक्षरात होते, असे मानण्यास हरकत नाही. जे जन्मतः मिळते त्याची किंमत आपणांस कळत नाही. जे बाराव्या वर्षी मिळते त्याची कळते.

पहिली विनामूल्य पुस्तके कोणास?

राज्यसूत्रे हाती येऊन पुरते वर्ष-दीड वर्ष झाले नाही तोच, १८८२-८३ च्या सुमारास, महाराजांनी त्या काळी ज्यांना अंत्यज म्हणत, त्या वर्गाच्या मुलांसाठी शाळा काढल्या. फी तर नव्हतीच. पण पाटी, पुस्तके व इतर शालेय साहित्यही राज्याकडून विनामूल्य मिळे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दरबाराच्या आश्रितांना किंवा राजधानीतील प्रतिष्ठितांच्या मुलांना आधी पुस्तके वाटावी आणि उरतील ती खाली पोहोचवावी, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. ज्याला पुस्तक शिवू दिले जात नव्हते, त्याच्या हाती प्रथम पुस्तक दिले.

या कामी पैशाची अडचण नव्हती. अडचण निराळीच होती. या शाळांत शिकविण्यास उच्चवर्णीय शिक्षक मिळेनात. सरकारी हुकूम होता, पगार होता, तरीही मिळेनात. पुष्कळ ठिकाणी मुसलमान शिक्षक नेमून काम चालवावे लागले. पुढे १९०८ मध्ये महाराजांनी अमृतसरचे आर्यसमाजी पंडित आत्माराम यांस बोलावून आणले, त्यांच्या हाती या शाळांची देखरेख दिली आणि मुलांसाठी वसतिगृहे चालविली. तेव्हा कोठे या कामास जोर आला. राजा पुस्तक विकत घेऊ शकतो. ते पुस्तक प्रेमाने शिकविणारा गावकरी मात्र त्याला विकत घेता येत नाही, हा धडा महाराजांना फार लवकर मिळाला.

अमरेलीचा प्रयोग

सामान्य प्रजेच्या मुलांचा प्रश्नही तितकाच अवघड होता. राज्यात शाळा होत्या. पण त्या शहरांत व मोठ्या गावांत. १८९१ च्या सुमारास महाराजांनी ग्रामशाळांची योजना केली. ज्या गावी सोळा मुले तरी शाळेत येण्याजोगी असतील, तेथे शाळा द्यावयाची आणि शिक्षकास पाटील-कुलकर्ण्यांप्रमाणे गावचाच एक सेवक मानावयाचे, असे तिचे स्वरूप होते. या योजनेमागचा विचार महत्त्वाचा आहे. शाळा ही वरून आलेली सरकारी कचेरी न वाटता विहिरीसारखी, चावडीसारखी, गावाची स्वतःची वस्तू वाटावी, हा तो विचार होय.

तथापि शाळा काढली म्हणजे मुले येतातच असे नाही. तेव्हा १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्यात, अमरेली शहर व आसपासची नऊ गावे मिळून दहा ठिकाणी, महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा ठरली. हिंदुस्थानात हा प्रकार अगदी नवा होता. इंग्रजी मुलुखातही तो सुरू झालेला नव्हता.

या सक्तीवर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. गरीब शेतकऱ्याचे दहा वर्षांचे पोर गुरे राखते, पाखरे हाकते, धाकट्या भावंडाला सांभाळते. ते शाळेत गेले म्हणजे घरचा एक हात कमी होतो. न पाठविल्यास दंड. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्यालाच दंड. मुलींच्या बाबतीत तर बालविवाहाची अडचण होती. त्याविरुद्धही महाराजांनी १९०४ मध्ये कायदा केला. दंडाने मुले शाळेत आणता येतात, पण त्यांचे मन तेथे रमविता येत नाही, हे अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. असे असूनही महाराज मागे हटले नाहीत. प्रयोग हळूहळू तालुकाभर पसरला आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानास सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा लागू झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचाच दाखला त्यांच्यापुढे होता. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. जे एका संस्थानिकाला साधले, ते साम्राज्य सरकारला परवडत नव्हते!

शाळा सुटली, पुस्तक सुटले

इतके झाल्यावर महाराजांनी समाधान मानले असते तरी इतिहासाने त्यांना मानाचेच स्थान दिले असते. परंतु त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. मूल पाच वर्षे शाळेत जाते, क्रमिक पुस्तके वाचते, परीक्षा देते आणि पुन्हा शेतावर जाते. घरी पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. चारपाच वर्षांत आलेली अक्षरे पुसून जातात आणि केलेला सारा खर्च व्यर्थ होतो. पेरलेल्या शेताला एकच पाणी देऊन निघून जावे, तसला हा प्रकार होता.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी तेथून विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास बडोद्यास आणले. सुमारे तीन वर्षे राहून बॉर्डनसाहेबांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि येथील माणसे या विद्येत तयार केली. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह या लोकांच्या ग्रंथालयास देऊन टाकला. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालयातून पाठविल्या जात. नेण्या-आणण्याचे भाडेसुद्धा सरकार भरी.

परंतु या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग पेट्यांत नव्हता, वर्गणीच्या नियमात होता. एखाद्या गावाने वर्षाकाठी शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम स्वतः जमविली असेल, तितकीच प्रांत पंचायतीने द्यावयाची आणि तितकीच मध्यवर्ती सरकारने द्यावयाची. म्हणजे एक वाटा गावाचा, एक प्रांताचा, एक राज्याचा. ग्रंथालयाच्या इमारतीसाठीही असाच तिहाईचा नियम होता. नव्याने आरंभ करणाऱ्या गावाला त्याहून मोठी सवलत होती. गावकऱ्यांनी २५ रुपये उभे केले की ग्रंथालय खात्याकडून त्यांना १०० रुपयांची देशी भाषेतील पुस्तके मिळत.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. महाराजांच्या खजिन्यात पैशाला तोटा नव्हता. सर्व खर्च स्वतः करून प्रत्येक गावी आपल्या नावाची पाटी लावणे त्यांना अशक्य नव्हते. कीर्तीही अधिक झाली असती. मग गावापुढे त्यांनी हात का पसरला? कारण उघड आहे. फुकट आलेल्या वस्तूची राखण कोणी करीत नाही. ज्या कपाटासाठी गावातल्या सोनाराने दोन रुपये, कुणब्याने आठ आणे आणि मास्तराने एक रुपया दिला आहे, त्या कपाटाचे कुलूप मोडले तर सारा गाव विचारपूस करतो. शिवाय वर्गणी ज्याने दिली, तो आपल्या मुलाला तेथे पाठवितोच. वाटा घातला म्हणजे हक्क वाटतो आणि हक्क वाटला म्हणजे जबाबदारीही वाटते.

या कामास गावोगाव माणसेही मिळाली. गुजरातेतील वसो गावचे मोतीभाई अमीन हे पेशाने शिक्षक. राज्याचे खाते निघण्याच्याही अगोदरपासून ते मित्रमंडळे जमवून लहान लहान वाचनालये काढीत होते. महाराजांनी अशा माणसास ओळखले आणि आपल्या खात्यात घेतले. राजाचा पैसा, पंचायतीचा वाटा आणि मोतीभाईंसारख्यांची पायपीट यांचा मेळ बसला, म्हणूनच महाराजांच्या हयातीत त्या संस्थानात हजाराहून अधिक गावी पुस्तके पोहोचली. वाचावयास योग्य पुस्तके देशी भाषांत असावीत म्हणून १९१२ मध्ये त्यांनी दोन लक्ष रुपयांचा निधी बाजूस काढला. त्याच्या व्याजातून मराठी व गुजराती ग्रंथ निघू लागले; सयाजी साहित्यमाला प्रौढांसाठी आणि सयाजी बालज्ञानमाला मुलांसाठी. आपल्यांपैकी काही घरांतील जुन्या कपाटांत या मालांतील एखादे पुस्तक अजून सापडावयाचे.

जेथे राजाचा वाटा पुरला नाही

महाराजांच्या विद्यादानाची गोष्ट सांगताना एक कटु प्रसंग वगळण्याचा मोह होतो. तो वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मुंबईत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या बुद्धिमान विद्यार्थ्याची शिफारस ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी महाराजांकडे केली. महाराजांनी त्यास महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार राज्याची सेवा करण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास आले; मोठ्या विद्यापीठात शिकलेला विद्वान, राज्याचा अधिकारी. आणि त्या राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाईसुद्धा त्यांच्या हाती कागद न देता दुरून टाकीत. नाव बदलून उतरलेल्या ठिकाणाहूनही त्यांना हुसकून लावण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

राज्याने आपला वाटा दिला होता. पुस्तके दिली, शिष्यवृत्ती दिली, समुद्रापार पाठविले, अधिकाराची जागा दिली. कमी पडला तो शहराचा वाटा. आणि तो पैशाचा नव्हता. एक खोली भाड्याने देण्याइतकाच होता. महाराजांच्या इच्छेलाही येथे मर्यादा पडली, हे मान्य केले पाहिजे. आपल्या राजधानीत ते आपल्या विद्यार्थ्याला छप्पर मिळवून देऊ शकले नाहीत. ज्या समाजाने हे होऊ दिले, त्यात आपल्यासारखीच भाविक, सज्जन, देवळात नित्य जाणारी कुटुंबे होती, हे आपण विसरू नये.

अखेरची वर्षे

प्रकृतीच्या कारणाने महाराजांचे वास्तव्य उत्तरकाळात पुष्कळदा परदेशी असे. त्यावरून लोक नाराजही होत. कायद्याने सक्ती झाली तरी सर्व प्रजा साक्षर झाली नाही. मुलींचे व गरिबांचे प्रमाण मागेच राहिले. हे उणेपण असूनही त्यांचा हात आखडला नाही. १९३६ मध्ये राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव झाला, तेव्हा ग्रामीण गरिबांच्या उन्नतीसाठी त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यास स्थापन झाले.

राज्य गेले, दरबार गेला, प्रांत पंचायतीही गेल्या. तीन वाट्यांपैकी राज्याचा वाटा आता लोकनियुक्त सरकारांकडे आला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना क्रमिक पुस्तके विनामूल्य मिळण्याची तरतूद झाली. कवळाण्याच्या गोपाळाला ती पाहून आनंदच झाला असता. परंतु वह्या, कंपासपेटी, नववी-दहावीची पुस्तके आणि शाळा सुटल्यावर वाचावयाचे पुस्तक, या गोष्टी यादीत उरतातच. आणि तेथेच गावाचा वाटा सुरू होतो.

सभासद बंधुभगिनींनो, आपण घरातील मंगलकार्याच्या वेळी देवापुढे यथाशक्ति काही ठेवतो. त्याच वेळी एका मुलाच्या वर्षाच्या पुस्तकांचा खर्च बाजूस ठेवणे आपल्यापैकी बहुतेकांना जड जाणार नाही. आपल्या मुलांची पुढच्या इयत्तेत गेल्यावर राहिलेली, नीट सांभाळलेली पुस्तके योग्य ठिकाणी पोहोचविणे तर त्याहूनही सोपे आहे. मात्र एवढी काळजी घ्यावी की घेणाऱ्या मुलाचे नाव सभामंडपात पुकारले जाऊ नये, त्याला रांगेत उभे करू नये आणि त्याची जात विचारू नये. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती पुस्तके द्यावी आणि परत यावे.

२५ रुपये जमविणाऱ्या त्या खेड्यांतील माणसांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी घातलेल्या वाट्यावर मात्र एक पिढी वाचावयास शिकली.